शेडकाका आणि मिठाची नाव

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी पोपटी कुर्ता घालून गेले. आईने मुद्दाम त्या दिवसासाठी शिवून घेतला होता. लॅबच्या दारात राखाडी शर्ट, राखाडी पँट आणि राखाडीच केस असलेला एक माणूस उभा होता. त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "पोपटाला भायेर ठेव, मंग आत ये."

मला वाटलं चेष्टा चाललीय. चेष्टा नव्हती. त्याने एक कोरा कागद माझ्या बाहीजवळ धरला आणि विचारलं, "काय रंग हाय?"

"पांढरा."

"नीट बघ."

नीट बघितलं तर कागदाच्या कडेला खरोखरच हिरवट झाक आली होती. "तुझा कुर्ता माझ्या कागदावर पडतो," तो म्हणाला. "मंग मी बघायचं काय, माल का तुझा कुर्ता?" आणि खुंटीवरचा राखाडी एप्रन माझ्या अंगावर टाकून त्याने मला गळ्यापर्यंत बटणं लावायला लावली. कर्जतहून चौकमार्गे कंपनीच्या बसने आलेली मी, पहिल्याच दिवशी उंदराच्या रंगाची होऊन बसले. आईने ही गोष्ट त्यांना अजून माफ केलेली नाही.

रसायनीतली आमची ती कंपनी रंगाची पूड बनवते. बादल्यांपासून छपाईच्या शाईपर्यंत सगळ्यात जाते ती. नवा माल निघाला की त्याची पेस्ट आणि आधी मंजूर झालेल्या मालाची, म्हणजे स्टँडर्डची पेस्ट, कागदावर शेजारी शेजारी ओढायची. मग उत्तरेकडच्या खिडकीत उभं राहून सांगायचं, पास की फेल. रंगाच्या छटेला कंपनीत शेड म्हणतात; ती बघून निकाल सांगणारा माणूस म्हणजे आमचे शेडकाका. खरं नाव हजेरीच्या कागदावर असेल, पण गेटवरच्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे शेडकाकाच म्हणायचे. तीस वर्षांच्या वर ते त्या एका खिडकीत उभे होते.

निकाल द्यायच्या आधी ते मिनिटभर राखाडी भिंतीकडे टक लावून बघायचे. याला ते डोळे धुणं म्हणत. जेवल्यावर अर्धा तास निकाल नाही. कोणाशी भांडण झालं असेल तर त्या दिवशी लाल रंगाला हात नाही. एखादा माल खिडकीत जुळायचा आणि ट्यूबलाइटखाली वेगळा दिसायचा. त्याला ते 'बेईमान' म्हणायचे, आणि हा शब्द त्यांनी निम्म्या कंपनीला लावून ठेवला होता.

मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलनीतलं त्यांचं घरसुद्धा आतून राखाडी. काकू सांगायच्या, "लगीन करून आली तवा वाटलं, सिमिटाच्या गोणीत येऊन पडली."

आमची मैत्री मात्र रंगामुळे झाली नाही, ॲनिमेमुळे झाली. जेवणाच्या सुट्टीत मी लॅबच्या मागच्या पायरीवर बसून मोबाइलवर एक भाग बघत होते. मागून आवाज आला, "जपानी हाय का गं?"

मी दचकले. चाळिशीच्या पुढचा कोणीही आला की 'कार्टून बघते का अजून?' हेच ऐकायची मला सवय होती. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "हे कार्टून नाही काका. ॲनिमे म्हणतात याला."

"मला शिकवतेस?" ते म्हणाले, आणि शेजारी बसून डबा उघडला. सुकट आणि तांदळाची भाकरी. "तुझा जलम व्हायच्या आधीपासून बघतो मी."

खोटं नव्हतं. काका कंपनीत लागले त्या सुमाराला नवं यंत्र बसवायला जपानहून एक तंत्रज्ञ आला होता. गेस्ट हाउसचं जेवण त्याच्या घशाखाली उतरेना. काका त्याला घरचं जेवण नेऊन द्यायचे. बोंबलाचं कालवण खाऊन तो माणूस रडला होता म्हणे, तिखटाने की आठवणीने ते कळलं नाही. परत जाताना त्याने आपला व्हिडिओ प्लेअर आणि पिशवीभर कॅसेटी काकांना दिल्या. एकटं वाटू नये म्हणून त्याने त्या घरच्या टीव्हीवरून भरून आणल्या होत्या. सगळं जपानीत. खाली एक अक्षर नाही.

काका आणि काकूंनी ते सगळं न समजता बघितलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कथा काकांनी रचायची, संवाद काकूंनी घालायचे. सगळ्यात लाडकी होती ती मिठाची नाव. एक म्हातारा नावाडी आणि एक मुलगी नावेतून मीठ भरून नदीने वर वर जातात, गावोगाव विकतात, एवढंच दिसायचं. काकांनी ठरवलं की तो आजोबा आहे आणि नातीचं लग्न जमवायला निघालाय. प्रत्येक गावात स्थळ बघायचं आणि नाक मुरडून पुढे जायचं. काकू मुलीच्या तोंडी घालायच्या, "आजा, ह्याचं नाक बघ, नको रं बाबा."

मी नोकरीला लागल्यावर ती मालिका धुऊनपुसून नव्याने इंटरनेटवर आली होती, खाली इंग्रजी ओळींसकट. मी हौसेने त्यांच्या घरी जाऊन टीव्हीवर लावून दिली आणि एकेका वाक्याचं मराठी करून सांगायला लागले. तिसऱ्या भागात कळलं की म्हातारा तिचा कोणीच नाही. तिच्या बापाची नाव त्याच्याच चुकीने बुडालेली, आणि ते तिला न सांगता तो तिला सांभाळतोय.

काकांनी टीव्ही बंद केला. "चूक लिवलंय."

"काका, त्यांनीच बनवलंय ते!"

"मंग त्येंचंच चुकलं. तो आजा हाय." विषय संपला. त्या घरात तो आजपर्यंत आजाच आहे.

वाद आमचा रोजचा. जुनं चांगलं की नवं? त्यांचं म्हणणं कामातूनच आलेलं होतं. जुनी चित्रं पारदर्शक कागदावर हाताने रंगवायचे, हे त्या तंत्रज्ञाने त्यांना खाणाखुणांनी सांगितलं होतं. "म्हंजे त्यात माल व्हता," काका म्हणायचे. "कोणीतरी पूड घोटली, कोणीतरी पास केली. ह्या तुझ्या कंप्युटरवाल्यात कण नाय. कण नाय तो रंग कसला?"

"टीव्हीतून तरी कुठे कण येतात? दोन्हीकडे नुसता उजेडच येतो ना?"

"उजेडाला लाज लागते. जुन्यात व्हती."

मीही काही कमी नव्हते. "तुमच्या नावेखाली एकच लाट आहे, काका. तीच तीच फिरवून दाखवतात. मी लक्ष ठेवून बघितलंय."

"नदीला एकच लाट असते. तीच परत परत येते," ते म्हणायचे.

ते एक वही ठेवायचे. लॅबच्या तक्त्यासारखे रकाने पाडलेले: नाव, शेड, हालचाल, माणसं, निकाल. जुन्या मालिका झाडून पास. नव्या झाडून फेल, आणि शेजारी शेरा. 'केस जास्त, माणूस कमी.' 'सकाळी उठल्या उठल्या धावतात, तोंड कवा धुतात?' 'पावसाचा थेंब चांगला. बाकी राहू द्या.' जेवण बनवणाऱ्या भुताची एक मालिका होती. तिला फेल केल्यावर काकूंनी एक दिवस त्यांच्याशी अबोला धरला, कारण त्या भुताचं बघून त्यांनी वांग्याचा एक प्रकार शिकून घेतला होता आणि काकांनी तो दोनदा मागून खाल्ला होता.

दर रविवारी दुपारी मी मोहोपाड्याला त्यांच्याकडे जायला लागले. त्या वर्षी आमची तिघांची सगळ्यात आवडती मालिका होती ती गच्चीवरच्या भाताची. ओस पडलेल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर तीन मैत्रिणी माती चढवतात आणि भात लावतात, त्याची गोष्ट. हिंदीत उपलब्ध होती, म्हणून काकूही मांडी ठोकून बसायच्या. काकांचं गाव खालापूरकडे डोंगराच्या पायथ्याला, भाऊ अजून भात लावतो. त्यामुळे काका टीव्हीशीच भांडायचे. "अगं एवढं दाट लावत्यात का? रोपाला श्वास घेऊ द्या! आन् ती चष्मेवाली वाकते कशी बघ, संध्याकाळी कंबार धरंल." निकाल अर्थातच फेल, आणि एक भाग चुकवायचे नाहीत.

"फेल माल एवढा कशाला बघता?" मी विचारायची.

"फेल का हाय ते सांगाया बघायाच लागतं," ते म्हणायचे.

त्यांच्या डोळ्याचा दरारा उगाच नव्हता. कंपनीने रंग मोजायचं यंत्र आणलं, तेव्हा पहिल्याच महिन्यात एका लाल मालावरून दोघांची जुंपली. यंत्र म्हणालं पास, काका म्हणाले बेईमान. मॅनेजरने हसून माल सोडायला घेतला. संध्याकाळी पॅकिंगच्या शेडमध्ये ट्यूबा लागल्या आणि तो लाल माल स्टँडर्डशेजारी विटेसारखा दिसायला लागला. तेव्हापासून यंत्र काहीही म्हणो, शेवटचा शब्द काकांचा.

म्हणून त्या शनिवारी जे झालं, ते मला आधी खरंच वाटेना. निळ्याची मोठी बॅच निघाली होती. मी पेस्ट ओढली आणि बघितल्या बघितल्या मला ती जांभळ्याकडे गेलेली दिसली. थोडीथोडकी नाही, चांगली उघड. यंत्रानेही फेल दाखवलं. काका खिडकीत आले, भिंतीकडे बघून डोळे धुतले, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, "पास."

मॅनेजर यंत्राकडे बघून हसला आणि त्याने सही केली. सोमवारी सकाळी ड्रम गाडीत चढणार होते. मी गप्प बसले. हिंमत झाली नाही, सरळच सांगते. ज्या माणसाने मला बघायला शिकवलं, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगणार की तुम्हाला दिसत नाही?

दुसऱ्या दिवशी रविवार. गच्चीवरच्या भातात पहिल्यांदा पाणी सोडायचा भाग होता. पाणी हळूहळू खाचरात पसरतं आणि सगळं आभाळ त्यात उतरतं. टीव्हीभर निळा. मी अक्षरशः 'आई गं' म्हटलं.

काका म्हणाले, "बघ. चहा सांडलाय नुसता. पाण्यात निळा घालायचा सुद्धा आळस."

"अवो, निळंशार हाय की!" काकू म्हणाल्या.

"तुला काय कळतं? निळा बघायचा तर नावेतला बघ. काय नदी व्हती! लाव गं नाव."

मी लावली. नदी आली. काका पुढे सरकले, डोळे बारीक केले आणि चिडून म्हणाले, "बघ, हिला पन धुवून धुवून मातीत घातली नव्या लोकांनी. हिचा पन निळा खाल्ला."

आणि मला कळलं. नव्यातला निळा त्यांना दिसत नव्हता, जुन्यातला आठवत होता तोही सापडत नव्हता, आणि कालच्या बॅचचा जांभळाही त्यांना दिसला नव्हता. मी रिमोट खाली ठेवला आणि कसंबसं बोलले, "काका, कालचा माल जांभळ्यावर आहे. मला दिसला. यंत्रालाही दिसला."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. भिंतीकडे बघून डोळे धुतले. मग काकूंना म्हणाले, "दोघांत वाद पडला तर काय करायचं? तिसरा नमुना आणायचा. तुझ्या मशिनीवरची दोन रिळं आण. एक निळं, एक जांभळं. मला सांगू नको कंचं कुठलं."

काकू ब्लाउज शिवतात. त्यांनी दोन रिळं आणून पंख्याखालच्या टेबलावर ठेवली. काकांनी ती खिडकीत नेली, उजेडात फिरवली, जागा बदलली, पुन्हा फिरवली.

"दोनी निळी हायत," ते म्हणाले. "तू येकच रंग आणलास."

"नाय वो," काकू म्हणाल्या, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं.

काकांनी रिळं परत टेबलावर ठेवली, खुंटीवरचा शर्ट चढवला आणि चपला घातल्या. मी मागे धावले. कॉलनीपासून कंपनीचं गेट दहा मिनिटांवर आहे. शिफ्टचा ऑफिसर त्यांना रविवारी बघून उठून उभा राहिला. काका म्हणाले, "निळ्याचे ड्रम थांबवा. सही मागं घेतो मी. माल तर फेल हायच, पन आधी मी फेल हाय." त्यांनी कागदावरच्या आपल्या सहीवर एक आडवी रेघ मारली, खाली तारीख घातली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, पिवळा आणि जुना. डॉक्टर म्हणाले, साधी गोष्ट आहे, भिंग बदलू. ज्याला त्याला साधीच वाटली ती. काकांना नाही.

"ह्या डोळ्यात माझा स्टँडर्ड हाय," ते म्हणायचे. "तो काढून कचऱ्यात टाकणार, आन् दुसरा बशीवणार. मंग मी कोणाच्या डोळ्यानं बघायचं?" डॉक्टरचा कागद त्यांनी देव्हाऱ्यामागे सरकवून दिला. मॅनेजर भला माणूस. त्याने निवृत्तीपर्यंत राहा म्हटलं, लाल-पिवळे तुम्ही बघा, निळे-जांभळे यंत्र बघेल. पण काकांनी कुठलाच कागद हातात घेतला नाही. खिडकी मला दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायला लागले. घरी टीव्हीही बंद. "जे दिसत नाय ते मी फेल कसं करू?" म्हणाले. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, आणि हा माणूस ते आठ महिने आणि पुढचं सगळं आयुष्य भिंतीकडे बघत काढणार, अशी मला धास्ती बसली. समजावून बघितलं, रागावून बघितलं. उपयोग शून्य.

शेवटी युक्ती काकूंनी काढली. गच्चीवरच्या भाताचे दोनच भाग उरले होते. मागच्या भागात भात पिवळं पडत आलं होतं आणि शहरावर वादळ येणार म्हणून सांगितलं होतं. रविवारी काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं, आणि माझ्या मोबाइलवर एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या कानात असं आम्ही बघायला बसलो. मधूनमधून काकू मोठ्याने म्हणायच्या, "अगं बाई!" नाहीतर, "आता कसं व्हायचं गं हिचं!" बाहेर काकांच्या खुर्चीचा आवाज यायचा.

सोमवारी कंपनी सुटल्यावर गेटबाहेरच्या बसथांब्यावर काकांनी मला गाठलं. इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, "पाऊस आला का त्येंच्याकडं?"

"कोणाकडे?"

"माहीत हाय तुला."

"स्वतः बघा," मी म्हटलं.

"कापलं का आधीच? पिवळं पडलं की दोन दिस सुद्धा थांबू नये. माझा बाप एकदा थांबला व्हता, सगळं आडवं झालं."

मी बसमध्ये चढून बसले. बस सुटेपर्यंत ते थांब्यावरून सारखे माझ्या खिडकीकडे बघत होते, हे मला बसच्या आरशात दिसत होतं. त्या आठवड्यात त्यांनी हाच प्रश्न पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच म्हणाले, "पनवेलच्या डॉक्टरची वेळ घे गं."

एका डोळ्याचं आधी झालं. पट्टी काढून घरी आणलं, तेव्हा मला वाटलं आता टीव्ही मागतील. ते दारातच थांबले. उजवा डोळा झाकला, डावा झाकला, पुन्हा उजवा. मग गरजले, "ही भिंत राखाडी नाय! निळसर हाय! कोणी रंगवली?"

"तुमीच," काकू म्हणाल्या. "चार वरसांपूर्वी. डबे मिसळून मिसळून. मी तवाच म्हटलं व्हतं, निळी दिसते."

काका खुर्चीत बसले आणि पोट धरून हसायला लागले. डोळ्यावर ताण नको, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, म्हणून काकू त्यांना गप्प करत होत्या आणि स्वतःच हसत होत्या. कित्येक आठवड्यांनी ते घर पुन्हा माणसांचं वाटलं मला.

मग त्यांनी ते दोन भाग बघितले. आधी पाणी सोडायचा भाग मागून घेतला. काळा चष्मा काढून, जुना डोळा तळहाताने झाकून बघत होते. खाचरात आभाळ उतरलं तेव्हा म्हणाले, "थांबव." मी थांबवलं. किती वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे बघत होते कोण जाणे. "इतका घातला व्हता गं," ते म्हणाले, "इतका घातला व्हता, आन् मी त्येंना आळशी म्हणलो."

वादळाच्या आदल्या पहाटे त्या तीन मुली पिवळं भात कापतात. निम्मं वाचतं. चष्मेवाली पहिली पेंढी छातीशी धरते. काकांच्या नव्या डोळ्यातून पाणी आलं आणि डॉक्टरांचं सगळं पथ्य वाहून गेलं. "निम्मं आलं," ते म्हणाले. "पयल्या वरसाला निम्मं लय झालं."

दुसरा डोळा महिन्याने झाला. त्यानंतर ते खिडकीत परत आले, पण आधी मला बघायला लावायचे आणि मग स्वतः बघायचे. नव्या डोळ्याला अजून शिकवायचंय, म्हणायचे. महिनाभरातच निळ्याच्या एका मालात मला न दिसलेली तांबूस झाक त्यांनी पकडली आणि दिवसभर मला चिडवलं. निरोप समारंभात मॅनेजरने त्यांना विचारलं, आता पुढे काय? काका म्हणाले, "लय काम पडलंय. फेल केलेला सगळा माल परत तपासायचाय."

आणि खरंच तपासला. वहीत खाडाखोड केली नाही. जुन्या निकालावर एक रेघ, बाजूला 'चूक तपासणाऱ्याची', खाली सही. एकेक करत पंधरा-वीस मालिका पास झाल्या. जेवण बनवणारं भूत पास झालं, त्या दिवशी काकूंनी गोड केलं. सगळंच काही पास झालं नाही हं. 'केस जास्त, माणूस कमी' हा शेरा नव्या डोळ्यांनीही कायम राहिला. आता तर नवी मालिका आली की पहिला फोन त्यांचाच येतो, "बघितलीस का? नाय? मंग करतेस काय दिवसभर?"

एक मात्र ते टाळत होते. मिठाची नाव. मी दोनदा सुचवलं, दोनदा विषय बदलला. मला कारण कळत होतं. नव्याने त्यांना हरवलं होतं आणि त्याचा त्यांना आनंदच झाला होता. पण नावेतला तो निळा तीस वर्षं त्यांनी उराशी धरला होता, आणि तो नाही निघाला तर?

परवाच्या रविवारी जेवणं झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, "अर्धा तास झाला. लाव."

मी नाव लावली. नदी आली. काका बघत राहिले. मग उठले, आतल्या ट्रंकेच्या तळातून काळ्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मी ते आधी कधीच बघितलं नव्हतं. स्टँडर्ड नेहमी अंधारात ठेवायचा, उजेडाने तो उतरतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. आत हातभर लांब कार्ड होतं. त्या काळी त्यांनी टीव्हीसमोर बसून, कंपनीतली पूड चमच्या-चमच्याने मिसळून, नदीचा रंग जुळवून त्यावर ओढून ठेवला होता.

त्यांनी ते कार्ड टीव्हीशेजारी धरलं. तंतोतंत जुळलं. कोणी काही धुऊन खराब केलं नव्हतं. नदी तेव्हाही आतासारखीच होती, शेवाळी, मळकट, थोडी हिरवट. निळा त्यात औषधालाही नव्हता.

काका कार्ड घेऊन खाली बसले. "स्टँडर्ड खोटं बोलत नाय," ते म्हणाले. "मीच ओढलाय. मंग इतकी वरसं मी कंचा निळा सांगत व्हतो गं?"

काकू भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "नदीला कुठला आलाय निळा? तवा तुमी नवे व्हता."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "आन् तू?" त्यांनी विचारलं.

"मी पन," काकू म्हणाल्या आणि सूप झटकायला उठल्या.

काकांनी नाव बंद केली. मग चष्मा पुसून मला म्हणाले, "ह्या आठवड्यात नवीन काय आलंय गं? ते लाव. आन् हिला येऊ दे आधी."